मदत हवी आहे: बंद पडलेल्या कंपनीतला अनुभव ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनियर, वय ३९. ऑस्ट्रेलियाच्या पीआरची (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची, जो गुणांवर ठरतो) तयारी चालू आहे आणि एकाच ठिकाणी गाडं अडलंय. ज्यांनी लहान कारखान्यात नोकरी करून पुढे हा अर्ज केला, त्यांचं उत्तर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

आधी गुणांचं गणित मांडतो. वयाचे ३३ ते ३९ पर्यंत २५ गुण, चाळीस पूर्ण झाले की थेट १५. आणि वय धरतात ते अर्ज करायचं निमंत्रण येतं त्या दिवशीचं. मला चाळीस पूर्ण व्हायला वर्षही उरलेलं नाही, म्हणून ही घाई. पदवीचे १५, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत चारही भागांत ७ आहेत त्याचे १०, बायकोच्या इंग्रजीचे ५. सध्याच्या कंपनीत पाच वर्षं झाली, त्याचे १०. बेरीज ६५, म्हणजे जेमतेम उंबऱ्यावर. आठ वर्षांचा अनुभव मान्य झाला तर १० चे १५ होतात. मागच्या दहा वर्षांतलाच अनुभव मोजतात, आणि माझी हवी असलेली वर्षं नेमकी जुन्या कंपनीत आहेत.

ती कंपनी म्हणजे अंबड एमआयडीसीतलं एक टूलरूम (पत्र्याचे पार्ट बनवायचे साचे आणि साधनं तयार करणारा कारखाना), सगळी मिळून पंधराएक माणसं. प्रेस टूल, जिग, फिक्स्चर. डिझाइन मी करायचो, ट्रायलला प्रेसवर मीच उभा राहायचो, पार्टच्या कडेला बर (धातूची खरखरीत धार) कुठे येतोय ते बघून डायचा क्लिअरन्स (साच्याच्या दोन भागांमधली फट) मीच बदलायचो. इंजिनियर म्हणून मी जे काही शिकलो ते तिथे. ती वर्षं कागदावर शून्य धरली जावीत हे मला पटत नाही. पण वीसपेक्षा कमी माणसं असल्याने पीएफ नव्हता. सुरुवातीला पगार व्हाउचरवर रोख, नंतर बँकेत. लॉकडाऊननंतर युनिट बंद पडलं. आता लेटरहेड नाही, जीएसटी नंबर रद्द झालाय, गाळ्यात दुसरेच लोक आहेत. साहेब, म्हणजे त्या कंपनीचे मालक, मात्र आहेत आणि लागेल तिथे सही करतो म्हणतात.

माझ्याकडे नेमणूकपत्र, दरवर्षीच्या आयकर रिटर्नच्या पावत्या, बँकेचं पासबुक आणि काही व्हाउचर आहेत. शिवाय जुन्या ड्रॉइंगच्या प्रिंट. खालच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉकमध्ये डिझाइन करणारा म्हणून माझं नाव, तारीख आणि शेजारी साहेबांची निळ्या पेनाची सही. माझ्या मते याहून खरा पुरावा नाही, पण ड्रॉइंग ग्राहक कंपनीच्या पार्टची आहेत. ती अशी बाहेर देणं योग्य नाही असं वाटतं. पार्टचा तपशील झाकून फक्त टायटल ब्लॉक दाखवलेला कुणाचा चाललाय का?

मुख्य प्रश्न असा: साहेबांचं अनुभवपत्र लेटरहेडशिवाय, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र म्हणून दिलं आणि सोबत रिटर्न व पासबुक जोडलं, तर इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया (इंजिनियरची पदवी आणि अनुभव तपासणारी तिथली संस्था) ते धरते का? रोख पगाराच्या काळासाठी रिटर्न पुरे झाले, असा कुणाचा अनुभव आहे का?

कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टंटने सुचवलं की ती वर्षं सोडून द्या आणि सीडीआर (त्या संस्थेला द्यायचा स्वतःच्या इंजिनियरिंग कामाचा अहवाल) आम्ही तयार देतो. तयार सीडीआरला माझा ठाम नकार आहे. त्यातले तिन्ही करिअर एपिसोड (एकेका कामाची हकिकत) प्रथमपुरुषी, स्वतःच्या कामाचे लिहायचे असतात आणि नक्कल तपासली जाते. पकडलं गेलं तर पुढचे रस्तेही बंद होतात. दोन एपिसोड मी लिहून काढलेत, तिसरा याच टूलरूममधल्या प्रोग्रेसिव्ह डायवर (टप्प्याटप्प्याने पार्ट घडवणाऱ्या साच्यावर) लिहायचाय. अडचण अर्जात निवडायच्या व्यवसायाच्या कोडची आहे: मेकॅनिकल इंजिनियर २३३५१२ घ्यावा की प्रॉडक्शन ऑर प्लांट इंजिनियर २३३५१३? डिझाइनचं काम जास्त असल्याने माझा कल पहिल्याकडे आहे. टूल डिझाइनवाल्यांनी काय घेतलं?

१८९ ला (राज्याच्या नामांकनाशिवाय मिळणारा पीआर व्हिसा) ६५-७० वर निमंत्रणाची फारशी आशा धरत नाही. ४९१ ला (ठराविक प्रादेशिक भागात राहायचा तात्पुरता व्हिसा) राज्याच्या नामांकनाचे १५ गुण मिळतात, पर्थ-ॲडलेडही त्या भागात बसतात, आणि अटी पाळून तीन वर्षं झाली की १९१ चा, म्हणजे पीआरचा, रस्ता आहे. मुलगी अजून लहान आहे, तिला मध्येच गाव बदलायला लागू नये एवढंच बघतोय. ४९१ वर सहकुटुंब गेलेल्यांनी नोकरी लागेपर्यंतचे महिने कसे काढले ते मोकळेपणाने लिहा.

बायकोची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने आहे. आपल्याकडे मधलं नावही बदलतं, त्यामुळे तीनपैकी दोन नावं जुळत नाहीत. महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला पुरला का, की वेगळं प्रतिज्ञापत्र लागलं?

निफाडला वडिलांची द्राक्षबाग आहे. पीआर घेतल्यावर सातबाऱ्यावरचं नाव जाईल, ही भीती त्यांच्या मनात कुणीतरी घातलीय. पीआर म्हणजे नागरिकत्व सोडणं नव्हे आणि असलेली जमीन राहते, हे मी त्यांना समजावलं. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन नवीन विकत घेता येत नाही, एवढंच. तुमच्या घरी हा विषय कसा मिटला तेही सांगा.

साहेब पुढच्या आठवड्यात नाशिकला येतायत. तेव्हाच सीबीएसजवळ कोर्टाबाहेर नोटरीचं काम उरकायचा विचार आहे. अशा प्रतिज्ञापत्रात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार किती तपशिलात लिहावे लागतात हे त्याआधी कळलं तर फार मदत होईल. कुणाकडे मजकुराचा नमुना असेल तर नावं काढून इथेच टाका.