राजाछाप रुपयाला चांदीच्या दुप्पट पैसे काऊन द्याचे?

तर्री_पोहे: राजेहो, भाच्याच्या बारशाला चांदी द्यायची म्हणून परवा इतवारीच्या सराफ्यात गेलो, १० ग्रॅमचं ९९९ चं (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध) लक्ष्मीचं नाणं, भाव अधिक मजुरी अधिक ३ टक्के जीएसटी, विषय संपला. तिथून निघून नाण्यांच्या एका प्रदर्शनात शिरलो तर १९१८ चा पंचम जॉर्ज रुपया, वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम, आणि तो माणूस चांदीच्या दुप्पट मागून राहिला! आमच्या आजीच्या गाठोड्यात असेच सात आहेत, सराफ म्हणते मोडीचा भाव देतो. मग दुप्पट कशाची बे?

महालचा_नाणेवेडा: दुप्पट १९१८ ला मागत असेल तर तो तुला उल्लू बनवत होता. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई होती की अमेरिकेनं आपले डॉलर वितळवून चांदी भारतासाठी दिली, त्यातून रुपये धडाधड पाडले, म्हणून १९१८ चे आजही पोत्यानं सापडतात. पण १९११ चा घे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणं मागे घेतलं, पुढच्या वर्षी सोंड नीट काढली. चांदी तितकीच, पण भाव वेगळा. सराफ टंच म्हणजे शुद्धता बघतो, साल बघत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे, त्याला तर गाळायचंच आहे.

हिशोबी_मावशी: हे सगळं विकत घेताना ऐकायला छान वाटतं हो. विकायला जा, मग तोच माणूस म्हणतो काठ झिजलाय, चेहऱ्यावर ओरखडा आहे. आमच्या ह्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी टांकसाळीचं रामलल्लाचं ५० ग्रॅमचं नाणं ५८६० ला घेतलं, तेव्हा चांदी किलोला सत्तर-पंच्याहत्तर हजाराच्या घरात, म्हणजे माल पावणेचार हजाराच्या आतबाहेर. आता मिरवतात की बघ कसं वाढलं. अहो वाढली ती चांदी! त्याच पैशात सराफाकडून सत्तरेक ग्रॅम साधी आली असती.

महालचा_नाणेवेडा: मावशी, ते रंगवलेलं नाणं श्रद्धेनं घ्यायचं, त्याला मी संग्रहातलं म्हणतच नाही. आत्ता पाडलेलं, डबीत घातलेलं, सगळ्यांनी जपून ठेवलेलं, मग दुर्मिळ होणार कसं? आणि साध्या नाण्याची मजुरी, जीएसटी तरी विकताना कोण परत देतो?

हिशोबी_मावशी: नाही देत. पण भाव पेपरात छापून येतो, त्यामुळे फसवलं तर कळतं तरी. तुमच्या डुकराचा भाव कुठं छापून येतो?

महालचा_नाणेवेडा: लिलावात कळतो 😄 मान्य, गिऱ्हाईक शोधावं लागतं, आठवड्यात पैसे पाहिजे असतील तर या भानगडीत पडूच नये. @तर्री_पोहे, ते सात मोडीत देऊ नको बे, आधी साल बघ. १९४० ते १९४५ चे असतील तर चांदी निम्मीच. पंचम जॉर्ज असेल तर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक ठिपका आहे का बघ, असला तर मुंबईचा, नाहीतर कलकत्त्याचा. आणि काही झालं तरी घासू नको, वरचा काळपट थर गेला की माझ्यासारखे लोक हातही लावत नाहीत.

तर्री_पोहे: भाऊ, आईनं काल चिंच लावून साती चकाचक केले. ठिपकाबी दिसून नाही राहिला आता.