मदत हवी आहे : घरच्या सुपर ८ रिळांचं काय करावं?

नमस्कार मंडळी. सांगलीच्या घरी माळ्यावर आजोबांनी काढलेल्या फिल्मची रिळं सापडली. मुंजी, लग्नं, कृष्णेचा घाट. बरीचशी सुपर ८ (घरगुती चित्रीकरणाची ८ मिमी रुंद फिल्म), म्हणजे १९६५ नंतरची. काही त्याआधीच्या साध्या ८ मिमीची, कडेची भोकं मोठी आहेत त्यावरून कळलं. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मचे रंग अजून टवटवीत आहेत, पण काही डब्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय. अ‍ॅसिटेट (फिल्मचं प्लास्टिक) खराब व्हायला लागल्याची ही खूण, म्हणून ते डबे वेगळे ठेवलेत. काका म्हणतात, प्रोजेक्टर आहे की, लाव भिंतीवर! आकसलेली फिल्म अडकून फाटली तर?

पुण्या-मुंबईत एकेक फ्रेम स्कॅन करून देणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? पडद्यावरून मोबाइलनं शूट करणारे नकोत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय घरगुती फिल्म घेतं का?

शिवाय २००३ पासून परदेशात ‘होम मूव्ही डे’ (घरच्या फिल्म एकत्र जमून बघायचा दिवस) होतो, तसा गणपतीत गल्लीतच खेळ करायचाय. फिल्म मुक्या आहेत, तेव्हा आजीला माइक देऊन ‘हा कोण, ती कुणाची’ सांगायला लावायचं आणि तेही रेकॉर्ड करायचं. असं कुणी केलंय का? फिल्ममध्ये दिसणाऱ्या शेजाऱ्यांना आधी विचारलंत का?