साडेचार वर्षांच्या मुलाची टेस्ट घेऊन एक्स्ट्रा क्लास लावायला सांगितलाय, लावावा का?

घोडबंदरची_आई
मुलगा ज्युनिअर केजीत आहे. परवा पीटीएमला टीचरनी एक शीट हातात दिली, अक्षरओळख, आकडे, पेन्सिल पकडणं, सूचना ऐकून कृती करणं असे रकाने, त्यातल्या शेवटच्या दोन्हींत 'नीड्स सपोर्ट'. आता शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास एक्स्ट्रा क्लास, फी वेगळी. नवरा म्हणतो लावून टाकू, मागे नको पडायला. मला अजिबात पटत नाहीये, टेस्ट घेणाऱ्या मॅडम त्याच्या ओळखीच्याही नव्हत्या, वीस मिनिटं बसवलं आणि त्यात त्याला सर्दी. एवढ्यावर मूल कळतं का?

नेरुळचा_बाबा
राग मानू नका, पण निदान इशारा तरी मिळाला तुम्हाला. आमच्या मुलीचं कोणी काही तपासलंच नाही, सगळे 'शांत आहे, गुणी आहे' म्हणत राहिले. पहिलीत गेल्यावर लक्षात आलं की शंभरपर्यंत पाढ्यासारखं घडाघडा म्हणते पण समोरचे सात चमचे मोजता येत नाहीत. केजीची दोन वर्षं फुकट गेली ना. मी तर म्हणतो दर तीन महिन्यांनी टेस्ट घ्या.

नौपाड्याची_आजी
एवढ्याशा जिवाला कसल्या टेस्टा? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, झाडाखाली आणि अंगणात मुलं शिकवली. आमची मुलं मातीत खेळूनच मोठी झाली, सगळी शिकली.

नेरुळचा_बाबा
आजी, सगळी नाही शिकली. माझ्याच वर्गातली चार-पाच जणं सातवीच्या आत शाळा सोडून गेली, त्यांना काय जमत नव्हतं ते कोणी विचारलंच नाही.

ऐरोलीची_ताई
17 वर्षं बालवाडी चालवतेय म्हणून थोडं मोठं लिहिते. आजी, अनुताई मुलांना मोकळं सोडत होत्या पण लक्ष बारीक असायचं, ते विसरू नका. आणि बाबा, 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पायाभूत स्तरासाठी स्पष्ट म्हटलंय की 3 ते 6 वयात परीक्षा घेणं योग्य नाही, मूल खेळताना-बोलताना बघायचं आणि त्याने केलेली चित्रं, कामं जपून ठेवून त्यावरून समजून घ्यायचं. अनोळखी माणसासमोर घाबरलेलं मूल येत असलेलंही सांगत नाही हो.

आता तुमच्या मुलाचं. पेन्सिल धरता येत नाही म्हणून रोज पाऊण तास पेन्सिलच हातात देणार असतील तर क्लास लावू नका, बोटांत अजून ताकद नाहीये एवढंच असू शकतं. कणकेचे गोळे करू दे, मटार सोलू दे, कपड्यांना चिमटे लावू दे. पण 'सूचना ऐकून कृती' हा रकाना मला खटकतोय. सर्दी वारंवार होते का? या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं, दुखत नाही म्हणून घरी कळत नाही आणि मूल लक्ष देत नाही असं वाटतं. आधी कान तपासा.

नेरुळचा_बाबा
ताई तुमच्याकडे मुलं किती? आमच्या शाळेत एका वर्गात 36 आहेत, टीचर निरीक्षण करणार कधी?

ऐरोलीची_ताई
रोज तीनच मुलं ठरवून बघायची, प्रत्येकाच्या दोन ओळी लिहायच्या. बारा दिवसांत 36 होतात. पण मदतनीस हवी, ती नसेल तर नाही जमत, हे मान्य.

कळव्याहून
एक सांगू का, अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा येते, नुसतं वजन-उंची नाही तर उशिरा बोलणं, कमी ऐकणं, कमी दिसणं पण बघतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. फी भरून खाजगी नर्सरीत घातलेली मुलं त्यातून सुटतात. मग ते आपणच करून घ्यायला हवं ना.

घोडबंदरची_आई
ताई, तुमचं वाचून टीव्ही-पंखा सगळं बंद केलं आणि तो पाठमोरा खेळत असताना हळू हाक मारली. दोनदा नाही वळला, तिसऱ्यांदा मोठ्याने मारली तेव्हा वळला. पावसाळ्यापासून सर्दी चालूच आहे त्याची आणि मी ओरडत होते की ऐकत का नाहीस म्हणून. खूप वाईट वाटतंय. शनिवारी ईएनटीची वेळ घेतलीय. नवरा अजून क्लासचं म्हणतोय, तोवर थांब म्हटलंय.

नेरुळचा_बाबा
ती शीट बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा. माझं मत बदललेलं नाही, शाळेने तपासायला हवंच, पण क्लासचे पैसे आत्ता भरू नका.