मदत हवी आहे : ज्येष्ठ रॉक गायकाच्या माहितीपटासाठी जुन्या कॅसेट

आमच्या सोलापुरातील एका ज्येष्ठ रॉक गायकावर मी माहितीपट करीत आहे. मुलाखती झाल्या आहेत. परंतु त्यांच्या ऐन उमेदीतील आवाज ज्या सात कॅसेटमध्ये उरला आहे, त्यांपैकी दोन फितींना बुरशी लागली असून, टेपरेकॉर्डरचे हेड खराब होईल आणि फीतही तुटेल या भीतीने मी त्या वाजवलेल्या नाहीत. तो आवाज नसेल, तर माहितीपटाला अर्थ उरणार नाही. सोलापुरात किंवा पुण्यात अशा फिती स्वच्छ करून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा उच्च दर्जाच्या डिजिटल ध्वनिमुद्रणात उतरवून देणारे विश्वासू तंत्रज्ञ कोणास माहीत आहेत का?

शिवाय, काही गाणी मूळ परदेशी कलावंतांची आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत-संगीताचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. मग माहितीपटासाठी परवानगी कोणाकडे मागावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.