लाँग रिज, स्कायलाइन (सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, कॅलिफोर्निया): माउंटन बाइकची पहिली फेरी कुठून सुरू करावी?

टेकडीवाला_सनीवेल

नमस्कार मंडळी. वेताळ टेकडी आणि सिंहगडाच्या आसपासच्या पायवाटांवर सायकल चालवण्याचा सराव आहे. मुरूम, घसारा, सुटे दगड यांची सवय आहे. आता मुक्काम सनीवेलला. स्कायलाइनच्या धारेवरच्या लाँग रिज प्रिझर्व्हची (राखीव रानाची) फेरी करायची आहे. चार शंका:

१. सुरुवात सॅराटोगा गॅपहून की ग्रिझली फ्लॅटहून?
२. सायकल भाड्याची असेल: हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), २९ इंची चाकं, २.३ इंची टायर, पुढे १२० मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क. सामानासकट वजन ७८ किलो. हवा किती ठेवावी?
३. डिसेंबर ते मार्चमध्ये वाटा चालू असतात का?
४. सोबतीला एक जण ई-बाइकवर येणार. चालेल का?

डोंगरवाट

पहिल्यांदा जात असाल तर ग्रिझली फ्लॅट. हायवे ९ आणि स्कायलाइन (हायवे ३५) जिथे मिळतात ती खिंड म्हणजे सॅराटोगा गॅप. तिथून स्कायलाइनने उत्तरेला साधारण तीन मैलांवर रस्त्याकडेला गाड्या लावायची जागा आहे, तेच ग्रिझली फ्लॅट. पश्चिमेच्या फाटकातून लाँग रिजमध्ये शिरायचं. पूर्वेच्या फाटकातून शिरलात तर अप्पर स्टीव्हन्स क्रीक काउंटी पार्कात उतराल, थेट दरीच्या तळापर्यंत. नवख्यांची चूक इथेच होते, कारण नाव दोन्हीकडे तेच दिसतं.

आत गेल्यावर वाट आधी खाली उतरते. उतार संपला की डावीकडे पीटर्स क्रीक ट्रेल. ओढ्याकाठाने, मोकळ्या कुरणातून आणि जुन्या फळबागेच्या कडेने सौम्य चढत जाते. तळं लागलं की खरा चढ सुरू होतो: सावलीतली वळणं, घट्ट पण चालवता येण्याजोगी. वळणावर बाहेरून रुंद घ्या, गिअर वळणाच्या आधीच हलका करून ठेवा. चढ चालू असताना जोर लावत गिअर टाकला की साखळी कुरकुरते आणि पाय खाली टेकतो.

वर लाँग रिज रोड लागला की उजवीकडे. इथून झाडी मागे पडते. पश्चिमेला पेस्काडेरो क्रीकचं खोरं, पलीकडे ब्युटानो रिज, आणि हवा स्वच्छ असेल तर प्रशांत महासागराची पट्टी. थांबायचं तर वाटेतल्या स्मारक-बाकाजवळ थांबा. भर रस्त्यात सायकल आडवी टाकू नका. पुढे लाँग रिज ट्रेलने पुन्हा रानात शिरून ओढ्याकडे उतरायचं. फेरी साधारण पाच मैलांची. सुरुवातीला जे उतरलात ते शेवटी चढायचं आहे, म्हणून पाण्याचा शेवटचा घोट राखून ठेवा. प्रिझर्व्हमध्ये पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर.

वाटेत वॉर्ड रोडचा फाटा खुणावेल. रुंद, वेगवान, मोहात पाडणारा उतार आहे. पण सायकलला पुढे वाट नाही. जेवढं उतराल तेवढं त्याच उन्हात परत चढावं लागेल.

खिंडीपल्याड

वरच्या मार्गवर्णनाशी सहमत, सुरुवातीच्या जागेशी नाही. निदान डिसेंबर-मार्चसाठी तरी नाही. पावसाळ्यात (इथला पावसाळा म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल) ग्रिझली फ्लॅटकडून उतरणारी वाट आणि पीटर्स क्रीकचा भाग सायकल आणि घोड्यांना बंद करतात. पायी जाणाऱ्यांना मुभा असते. ओढ्याकाठची माती चिकण आहे आणि वर झाडांची दाट सावली, त्यामुळे पाऊस थांबला तरी ती बरेच दिवस वाळत नाही. आपल्या टेकडीवरचा मुरूम तासाभरात निथळतो. ती सवय इथे फसवते. ओल्या मातीत चाकाचा चर पडतो, पुढच्या पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं आणि वाटेची नाली होते. फाटकावर बंदची पाटी असेल तर विषय संपला.

अशा वेळी सॅराटोगा गॅपहून निघा. हा माथा सुमारे २,६०० फुटांवर आहे. सॅराटोगा गॅप ट्रेल स्कायलाइनला समांतर उत्तरेकडे जाते. अरुंद, मुळं आणि खडकांची, सतत खालीवर. दीडेक मैलाने स्कायलाइन ओलांडून हिकरी ओक्स ट्रेलला लागायचं. ओलांडताना सायकलवरून उतरा. रविवारी सकाळी इथून मोटरसायकली वळण कापत येतात आणि दोन्ही बाजूंनी नजर फार लांब पोचत नाही.

हिकरी ओक्स ही बहुतेक जीपरस्त्याइतकी रुंद वाट. मधे दोनतीन चढ छोटे पण छातीवर येणारे आहेत. वाटेतले प्रचंड ओक पाहाच: कॅन्यन लाइव्ह ओक, त्यालाच हिकरी ओक म्हणतात. त्यांच्याखाली मात्र ब्रेक जपून. वाळकी पानं आणि ओकची फळं वाटेवर जाड पसरलेली असतात, खाली चर आहे की मूळ ते दिसत नाही. कुरणांपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. वाटा कोरड्या असतील आणि लाँग रिजची फेरीही जोडली, तर सगळं मिळून दहा ते बारा मैल.

चारकोल रोड नकाशावर उतरण्यासाठी छान दिसेल. तो सायकलला फक्त चढण्यासाठी खुला आहे.

पंक्चर_पंडित

हवेआधी ब्रेकचं बघा. भारतात सायकलचा उजवा लिव्हर बहुधा पुढचा ब्रेक असतो, इथे डावा पुढचा. घसाऱ्यावर हात सवयीने चुकीचा लिव्हर दाबतो आणि पुढचं चाक अडकतं. भाड्याच्या सायकलवर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असणार. लिव्हर नुसते इकडचे तिकडे करून भागत नाही, बहुतेक मॉडेलमध्ये नळ्या सोडून तेल भरावं लागतं आणि हवा राहिली तर लिव्हर मऊ पडतो. त्यापेक्षा पार्किंगमध्ये दहा मिनिटं फक्त डावा, फक्त उजवा असं थांबून बघा. उतारावर दोन्ही लिव्हरवर एकेकच बोट.

हवा: ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) असेल तर पुढे २१, मागे २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). ट्यूब असेल तर पुढे २५, मागे २८. पंपावरचा काटा दोनतीनने इकडेतिकडे दाखवतो, म्हणून गेज एकच वापरा.

फोर्क: उभं राहून, कोपर वाकवून, उतारावर असतो त्या पवित्र्यात सॅग (आपल्या वजनाने फोर्क किती दबतो ते) मोजा. फोर्कच्या दांडीवरचं रबरी कडं खाली सरकवा, हळूच सायकलवर चढा, न उसळता उतरा. १२० मिमीत कडं २० ते २४ मिमी सरकायला हवं. त्याहून कमी सरकलं तर मुळांवर हात बधिर होतील, हवा काढा. जास्त सरकलं तर उतारावर नाक खाली जाईल, हवा भरा. फोर्कसाठी वेगळा शॉक पंप लागतो, चाकाचा पंप चालत नाही. दुकानातूनच जमवून घ्या.

टेकडीवाला_सनीवेल

खूपच उपयोगी. पण २१ म्हणजे फारच कमी वाटतंय. टेकडीवर ३५-४० ठेवायची सवय आहे. रिम आपटणार नाही?

पंक्चर_पंडित

४० वर चाक दगडावर उसळतं, धरत नाही. इथल्या कोरड्या भुरभुरीत वळणांवर तर सरळ बाहेर जातं. ट्यूब असताना फार कमी हवेत दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून शेजारीशेजारी दोन चिरा पडतात, म्हणूनच तिथे चार पीएसआय जास्त सांगितले. ट्यूबलेसला तो धोका नाही. रिमचा ठणका ऐकू आला तर मागे दोनने वाढवा, पुढचं राहू द्या.

सोबत एक ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), दोन टायर लिव्हर, पंप, साखळीतोड (साखळीची पिन काढायचं हत्यार) आणि त्याच स्पीडचा (मागे जितके गिअर तितक्याचा) क्विक लिंक, म्हणजे तुटलेली साखळी जोडायची कडी. १२ स्पीडच्या साखळीला ११ चा लिंक बसत नाही. भाड्याने देणाऱ्याकडून त्या फ्रेमचा सुटा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा भाग जिला टांगलेला असतो ती पट्टी) मागून बघा. मुळावर पडलात तर आधी तोच वाकतो, आणि दुसऱ्या फ्रेमचा बसत नाही.

सह्यकन्या_फ्रीमाँट

चौथा प्रश्न राहिला. ई-बाइक नाही. लाँग रिज मिडपेनिन्सुला रीजनल ओपन स्पेस डिस्ट्रिक्टच्या ताब्यात आहे (लोक मिडपेन म्हणतात, १९७२ च्या मतदानातून उभी राहिलेली संस्था). २०२२ मध्ये त्यांच्या मंडळाने मातीच्या वाटांवर ई-बाइकना मनाई कायम ठेवली. बॅटरी बंद ठेवून चालवतो, ही सबब चालत नाही. सोबत्याला साधी सायकल घ्यायला सांगा.

बाकी नियम: हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं, वयाची सूट नाही. वेग ताशी १५ मैलांच्या आत. कुणाला ओलांडताना आणि आंधळ्या वळणावर ५. रेंजर रडार गन घेऊन उभे असतात. पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट आपण द्यायची. घोडा दिसला की थांबा, उताराच्या बाजूला उभे राहा आणि स्वाराशी मोठ्याने बोला, म्हणजे घोड्याला कळतं की हा माणूस आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने प्रिझर्व्ह बंद. माथ्यावर सूर्यास्त बघून दिव्यावर उतरू, असा बेत करू नका.

आता ज्याने खरा त्रास होतो ते, म्हणजे पॉयझन ओक. तीन-तीन पानांचा झुबका, वसंतात तकतकीत हिरवा, उन्हाळ्याअखेर लाल, आणि हिवाळ्यात नुसत्या काड्या. काड्याही तितक्याच वाईट. बिब्बा, काजू, आंबा यांच्याच कुळातलं झुडूप आहे, आणि उततंही बिब्ब्यासारखंच. बिब्बा किंवा आंब्याचा चीक अंगावर उततो अशांनी जास्त जपावं. चीक हातमोजे, ग्रिप, बूट यांवर दिवसेंदिवस टिकतो. घरी आल्यावर आधी सायकल आणि बूट पुसा, मग थंड पाणी, भरपूर साबण आणि खरखरीत फडकं घेऊन अंग घासा. उलट क्रमाने केलंत तर धुतलेल्या हाताला पुन्हा लागतो. अरुंद वाटेवर समोरून कुणी आलं म्हणून झुडपात सायकल ढकलून उभं राहणं, हे लागण्याचं नेहमीचं कारण. मोकळी जागा बघून आधीच थांबा.

गोचीडही बघा: गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला. बारीक पिल्लं वसंतात पाचोळ्यात आणि पडलेल्या ओंडक्यांवर असतात, म्हणून ओंडक्यावर बसून डबा खाऊ नका. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी वगैरे घरगुती उपाय नकोत.

डोंगरवाट

हिवाळ्याबद्दल खिंडीपल्याड यांचं बरोबर, तेव्हा सॅराटोगा गॅपच. ग्रिझली फ्लॅट मे ते ऑक्टोबर धरा. उन्हाळ्यातली एक गोष्ट मात्र राहिली: समुद्राकडून धुकं चढतं ते झाडांवर अडून खाली ठिबकतं. जुलैतही सकाळी एखादं वळण ओलं आणि पुढचं धुळीचं, असं असतं. सावलीत शिरण्याआधी वेग कमी करा, शिरल्यावर नको. आणि नकाशा घरूनच उतरवून घ्या; ओढ्याच्या बाजूला फोनला रेंज मिळेलच असं नाही.