मदत हवी आहे : 1,400 किलोच्या कॅरॅव्हॅनला सेफ्टी साखळी आणि शॅकल कोणते घ्यावे?

हिंगणा_रोड : एका ॲक्सलची कॅरॅव्हॅन, पाणी-सामानासह 1,400 किलो. ओढायला बोलेरो, मागे कॅरॅव्हॅन जोडायचा 50 एमएमचा बॉल. बॉलवरून ती सुटलीच तर धरून ठेवायला सेफ्टी साखळी हवी. इतवारीत लोहा ओळीत 8 एमएमची साखळी दाखवतात, पण तिच्यावर कसलाच शिक्का नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, एक टोक ड्रॉबारला (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या ओढदांड्याला) वेल्ड करू, गाडीकडे एस-हुक पुरे. पटत नाही. जाडी, शॅकल (साखळी जोडायची पिनवाली कडी) आणि लांबी सांगा.

टोबारवाला : पटत नाही तेच बरोबर आहे, भाऊ. बिनशिक्क्याची साखळी फाटकाला लावा. कड्यांवर 8, 80 किंवा टी8 असा ठसा बघून ग्रेड 80 (साखळीच्या ताकदीचा दर्जा) घ्या. 8 एमएमला वर्किंग लोड (वापरताना घालायचा कमाल भार) 2 टन, तुटायची ताकद चौपट, म्हणजे 8 टन. अशा दोन लावा.

वेल्डिंग तर मुळीच नको. ग्रेड 80 ची ताकद हीट ट्रीटमेंटची असते, वेल्डच्या आचेने ती जाते. वेल्ड दिसायला झकास, साखळी तुटते त्याच्या शेजारी. वेल्ड करायचंच तर ड्रॉबारला 12 एमएमची प्लेट करा, तिला 13 एमएमचं भोक पाडा आणि साखळी शॅकलने जोडा. गाडीकडेही तसंच, पण प्लेट टो-बारच्या (गाडीमागच्या, बॉल बसवलेल्या चौकटीच्या) मुख्य पाइपवर. बॉलच्या बोल्टला अडकवली तर बॉल निघाला की साखळीही गेली.

एस-हुक गतिरोधकावर उडून निसटतो, झटक्यात उघडतोही.

हिंगणा_रोड : 10 एमएमच्या बो-शॅकलवर 1 टन लिहिलंय. कॅरॅव्हॅन 1.4 टन. कमी नाही का?

रिगिंग_बुटीबोरी : तो वर्किंग लोड आहे. चांगल्या शॅकलची तुटायची ताकद त्याच्या सहापट असते, म्हणजे इथे 6 टन, आणि तुमच्याकडे दोन बाजूंना दोन. चालेल. मात्र हा आकडा सरळ ओढीचा. 45 अंशांत ओढ आली तर 70 टक्के धरा, 90 अंशांत निम्मा. वळणावर ओढ तिरकी होते, म्हणून अरुंद डी आकाराचं नको, रुंद गोल कमानीचं बो घ्या.

मोठं घेऊ म्हणून 13 एमएम आणाल तर फसाल. 8 एमएम साखळीच्या कडीत आतून जेमतेम 10-11 एमएम जागा. 10 एमएम शॅकलची पिन 11 एमएमची, तीही अडते. म्हणून शॅकलची कमान (बो) कडीत ओवायची, पिन प्लेटच्या भोकात. साखळीचा तुकडा खिशात घेऊन जा आणि दुकानातच ओवून पाहा. पिनच्या जागी साधा नटबोल्ट नको.

टोबारवाला : लांबीचा आकडा मागू नका, मापूनच ठरते. दोन्ही साखळ्या कपलरखाली (ड्रॉबारच्या टोकाच्या, बॉलवर बसणाऱ्या पकडीखाली) फुलीसारख्या ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटला तर ड्रॉबारचं नाक डांबरात रुतण्याआधी त्यांच्यावर झेलला जातो. मग दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवून बघा: साखळी ताणली जाऊ नये, सरळ उभी असताना रस्त्याला घासूही नये. जास्त झाली तर पीळ देऊन आखूड करू नका, पिळलेल्या कड्या एकमेकींवर चढतात आणि ताकद घटते. कड्या कापून काढा.

रिगिंग_बुटीबोरी : पिन घट्ट करून तिच्या डोळ्यातून बाइंडिंग तार ओवा आणि शॅकलला पिळून बांधा. प्लास्टिकचा टाय आपल्या उन्हात दोन मे महिने काढत नाही. कडीची झीज मूळ जाडीच्या दहावा भाग, म्हणजे 8 चे 7.2 एमएम झाली की साखळी बदला. कॅलिपर कडीच्या टोकाला लावा, जिथे दोन कड्या एकमेकींत बसतात. मधला दांडा तर बहुधा नव्यासारखाच दिसतो.