क्रूझ कंट्रोल नेमका वापरायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी सेकंडहँड गाडी घेतली, मॅन्युअल गिअरची. क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) आहे, पण साधा. पुढची गाडी बघून वेग कमी करणारा नव्हे. परवा कागलच्या पुढं हायवे मोकळा मिळाला म्हणून ८० वर 'सेट' केला. पाय उचलला तरी गाडी आपली निवांत पळतेय, लई भारी वाटलं!

पण तवंदी घाटाच्या उतारावर काटा ९० पार गेला. घाबरून ब्रेक दाबला, क्रूझ बंद. खाली आल्यावर 'रेस' लिहिलेलं बटण दाबलं तर गाडी एकदम उसळली. शेजारी आण्णा ओरडले, "शर्यत लावतोस काय!" ते रिझ्यूम आहे, म्हणजे आधीचा वेग परत धरतं, हे नंतर कळलं.

आता सांगा, उतारावर आधीच क्रूझ बंद करून खालचा गिअर टाकायचा ना? क्लच दाबला की क्रूझ सुटतो, मग ओव्हरटेकला नुसता ॲक्सिलरेटर दिला तर चालतं? आणि पावसात अजिबात लावू नये म्हणतात, ते चाक घसरतं म्हणूनच का? पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय, आण्णा परत शेजारीच बसणार आहेत.